प्रसारण नियामकात जायचं, तर कोणत्या दाराने?

प्रश्न: मुलगी विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला टीव्ही वाहिन्यांच्या सरकारी नियामकात काम करायचंय. परीक्षा कोणती? – एक पालक

अशी एक परीक्षा नाही, कारण आपल्याकडे प्रसारणाचा एकच नियामकही नाही.

वाहिन्यांचे दर, प्रसारक आणि केबल-डीटीएच कंपन्यांमधले करार, सेवेचा दर्जा हे ‘ट्राय’कडे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे. १९९७च्या कायद्याने ही संस्था दूरसंचारासाठी उभी राहिली. प्रसारण आणि केबल तिच्याकडे आले जानेवारी २००४मध्ये. अध्यक्ष, जास्तीत जास्त दोन पूर्णवेळ व दोन अर्धवेळ सदस्य. मुदत तीन वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते. त्यांच्या हाताखाली सचिव आणि विषयवार विभाग. दरांबाबत ट्रायचा आदेश बंधनकारक असतो, परवान्याच्या अटींबाबत मात्र नुसती शिफारस. कंपन्यांमधले वाद २०००पासून टीडीसॅट हे दूरसंचार वादांसाठीचं न्यायाधिकरण सोडवतं.

पडद्यावर काय दाखवलं, हे ट्राय बघतच नाही. अर्ज करणारे इथेच गफलत करतात. वाहिनीला परवानगी आणि कार्यक्रम संहिता (काय दाखवू नये याचे नियम) हा माहिती व प्रसारण मंत्रालयाचा प्रांत, १९९५च्या केबल कायद्याखाली. प्रेक्षकाची तक्रार २०२१च्या नियमांनुसार आधी वाहिनीकडे, मग प्रसारकांच्या स्वयंनियमन संस्थेकडे, शेवटी मंत्रालयाकडे जाते. वाहिन्यांवर चोवीस तास लक्ष ठेवणारं केंद्र दिल्लीत आहे. तिथल्या मॉनिटरच्या, म्हणजे वाहिन्या पाहून नोंदी करणाऱ्यांच्या, जागा ‘बेसिल’ या सरकारी कंपनीमार्फत कंत्राटी भरतात. कायम नोकरी समजून तिथे जाऊ नये.

नागरी सेवा परीक्षेतून भारतीय माहिती सेवा मिळू शकते, पण तिचं मुख्य काम सरकारची माहिती लोकांपर्यंत नेणं. नियमन हा त्यातला छोटा भाग. ट्रायमध्ये बरेच अधिकारी इतर खात्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात, त्यामुळे नव्या पदवीधराला थेट शिरकाव अवघड. वकिलीच्या विद्यार्थिनीला माझ्या मते जवळची वाट म्हणजे टीडीसॅटमध्ये खटले चालवणारं वकिलांचं कार्यालय, नाहीतर प्रसारक कंपनीचा नियामक व्यवहार विभाग.

तयारी आजच सुरू करता येईल. ट्राय नियम करण्याआधी सल्लामसलत पत्र काढते, त्यावर कोणीही लेखी मत पाठवू शकतं; मग प्रतिमतं, खुली चर्चा, आणि शेवटी कारणांसह आदेश. २०१७च्या दर आदेशाची ही सगळी कागदपत्रं संकेतस्थळावरून उतरवून मुलीने क्रमाने वाचावीत: कोणाचा कोणता मुद्दा फेटाळला आणि का. मग चालू असलेल्या एखाद्या पत्रावर स्वतःचं मत पाठवावं. पत्रातल्या क्रमांकित प्रश्नांना त्याच क्रमाने उत्तरं द्यायची, मुदतीच्या आत. विद्यार्थी नेमके तिथे निबंध लिहून बसतात. नीट लिहिलेलं असं एक मत नोकरीच्या अर्जाला जोडता येतं.