पहाटे चारला जाग, रात्री डोळे टक्क

प्रश्न : वय ६२. शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. आयुष्यभर पाचला उठलो, हल्ली चारलाच जाग येते. पूर्वी नऊला आडवा झालो की घोरायचो. आता अकरापर्यंत सौदेच डोक्यात फिरतात. पोरानं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासायला लावलं. संध्याकाळी पाचला रक्त दिलं, ६ आलं. कागदावर ५ ते २५ छापलंय. पोरगा म्हणतोय, ‘आबा, तळाला गेलंय, ताण सोसायची ताकद संपली.’ वाढवायची पावडर मागवतोय. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. आणि पोराला एक विचारा : सकाळच्या सौद्याचा भाव संध्याकाळच्या मालाला कुणी लावला, तर यार्डात चालेल का? तुमच्या कागदावर तेच झालंय. ५ ते २५ हा आकडा सकाळी आठच्या सुमाराच्या रक्ताचा. दुपारनंतर तो निम्म्यावर येतोच. पाचला ६ म्हणजे अगदी जागच्या जागी.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्यांतून हे कॉर्टिसॉल येतं. पहाटेपासून चढत जातं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी मारतं आणि मग दिवसभर उतरतं. मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यांत कमी. तुमच्या वयात बदलतो तो हा उतार. सकाळचं शिखर फारसं हलत नाही, पण रात्रीचा तळ पूर्वीइतका खोल जात नाही. ‘आता पुरे’ हा निरोप मेंदू तरुणपणी पटकन ऐकतो, पुढं जरा उशिरा ऐकतो. १९९६ सालच्या एका अभ्यासात विशी ते ऐंशी या काळात दिवसभराची सरासरी २० ते ५० टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे पोराची भीती बरोबर उलटी! त्यातच मेंदूतलं घड्याळ वयाबरोबर पुढं सरकतं, म्हणून चारची जाग. मीही एकाहत्तरीची आहे. उजाडायच्या आत रंकाळ्यावर जाते, तिथं सगळी आमच्याच वयाची मंडळी भेटतात.

रात्रीचं मात्र हातात आहे. जेवणानंतर फोनवर भाव विचारणं बंद. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन दूध प्या हवं तर. सकाळी उजाडल्यावर अर्धा तास उघड्यावर चाला, घड्याळ ताळ्यावर यायला उजेडासारखं औषध नाही. हंगामात नाही जमायचं, ठाऊक आहे. जेव्हा जमेल तेव्हा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, म्हणून मीच विचारते. गुडघ्यासाठी कुणाकडून बिनानावाची पुडी घेताय का? अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच औषध, मिसळलेलं असतं. महिनोन्‌महिने घेतलं, तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचंच थांबवतं. तसं असेल, तर ती एकदम बंदही करू नका, जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, सकाळी आठला पुन्हा रक्त द्या. वजन उतरत असेल, उठताना घेरी येत असेल, तर या आठवड्यातच. यातलं काही नसेल, तर पुन्हा तपासणीचे पैसे वाचवा.