दीड हजार नेमके कशाचे?

प्रश्न : मी इचलकरंजीची, बी.कॉम. झाले आहे. सीएच्या ऑफिसात तीन वर्षं टॅली आणि जीएसटीचं काम केलं. वर्षभरापासून घरूनच हिशेबाची कामं घेते. एक सूत व्यापारी आणि एक मेडिकल दुकान, दोघांकडूनही महिन्याला १,५०० रुपये. मेडिकलचं काम संपता संपत नाही. फी वाढवा म्हटलं, तर मालक म्हणतात, "पलीकडच्या गल्लीतला मुलगा हजारात करतो." सर, दर ठरवायचा कसा?

उत्तर : तू दोघांची फी कळवलीस, पण दोघांच्या एन्ट्र्या किती, हे कुठेच लिहिलं नाहीस. गोम तिथेच आहे. सूत व्यापाऱ्याची उलाढाल मोठी, पण एकेक बिल लाखाच्या घरातलं, त्यामुळे बिलं मोजकीच. मेडिकलचा गल्ला त्यामानाने लहान. पण रोज चार-पाच वितरकांचा माल, मुदत संपलेल्या औषधांच्या क्रेडिट नोटा, यूपीआयने आलेले ऐंशी-शंभर रुपये. गिऱ्हाईक किती मोठं, यावरून दर लावलास तर फसशीलच.

आधी स्वतःचा तासाचा दर काढ. समज, तुला हातात २०,००० हवेत आणि टॅली, इंटरनेट, छपाई, पेट्रोल धरून ५,००० खर्च होतो. महिन्याचे २५ दिवस, दिवसाला कामाचे ५ तास धर. आठ धरू नकोस; नवीन कामासाठीची धावपळ आणि पैशांसाठीचे फोन यांचे तास कोणी मोजून देत नाही. १२५ तासांत २५,००० म्हणजे तासाला २०० रुपये.

आता एका महिन्याचे कागद खरोखर मोज. मी अंदाजाने धरतो, तू तुझे आकडे घाल. मेडिकलच्या ३३० एन्ट्र्या, तासाला ३० या वेगाने ११ तास. २बीशी (वितरकांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी खरेदीची यादी) खरेदी जुळवायला ३, रिटर्नला १, राहिलेली बिलं मागण्यात २. एकूण १७ तास, म्हणजे ३,४०० रुपये. सूत व्यापाऱ्याचं सगळं मिळून ६ तासांत उरकत असेल, तर १,२०० होतात. म्हणजे त्याची फी ठीकच आहे. मेडिकलवाल्याकडे मात्र तू तासाला ८८ रुपयांवर राबते आहेस.

एकदम दुप्पट फी सांगायला जीभ रेटणार नाही, मला कल्पना आहे. मोजणीचा कागद घेऊन जा आणि नवी फी १ एप्रिलपासून सांग. व्यापाऱ्याला ती तारीख समजते. "थोडं कमी करा" म्हणाले, तर दर उतरवू नकोस, काम उतरव. खरेदीची बिलं दुकानातल्या मुलानेच चढवावीत, तू फक्त तपासून जुळवणी आणि रिटर्न करशील, त्याचे अमुक. हजारवाल्या मुलाबद्दल एक शब्द बोलू नकोस. तो बहुधा नुसतं रिटर्न भरत असेल, २बी उघडूनही पाहत नसेल. पण ते मालकाला आपोआप कळू दे.

फीबरोबर दोन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घे. पहिली, कागद ५ तारखेपर्यंत आले पाहिजेत. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याची जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या तपशिलाची, मुदत ११ तारखेला आणि ३बीची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची, २० तारखेला संपते. ३बी चुकलं आणि कर भरायचा असला, की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, वर थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. बिलं १९ तारखेला पिशवीत भरून आणणारा माणूस हा दंड तुझ्या माथी मारायला कमी करत नाही. दुसरी, मागच्या वर्षाचा तुंबलेला हिशेब महिन्याच्या फीत बसत नाही. त्याचे पैसे वेगळे, आणि निम्मे आगाऊ. नवखी मंडळी इथेच सर्वाधिक बुडतात, कारण "ते जरा बघून घ्या" यातलं 'जरा' आठ महिन्यांचं असतं.

ऑडिटवर सही सीएचीच लागते, ते काम तुझ्या यादीत घालू नकोस. जुन्या ऑफिसची गिऱ्हाइकं ओढू नकोस. उलट हंगामात त्यांच्याकडे जास्तीचं काम असेल, तर तासाच्या दराने माग.

आणि मेडिकलवाले खरंच हजारवाल्याकडे निघाले, तर भांडू नकोस. चालू महिन्यापर्यंतच्या एन्ट्र्या पूर्ण कर, टॅलीचा बॅकअप त्यांच्या हाती दे. थकलेली फी तेवढी बॅकअप देण्याआधी घे.