घरी छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं आहे, पण रॉड सारखा चिकटतो. नवशिक्याने सुरुवात कशी करावी?

रॉड चिकटण्यामागे बहुतेक वेळा करंट कमी असतो, नाहीतर अर्थिंगचा क्लॅम्प (जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा) नीट बसलेला नसतो. माझा पहिला आठवडा क्लॅम्पपायी गेला. करंट वाढवत राहिलो, तरी रॉड चिकटायचा आणि लाल होऊन वाकायचा. क्लॅम्प रंगावर लावलाय हे लक्षातच आलं नव्हतं. ग्राइंडरने अंगठ्याएवढी जागा चकचकीत केली आणि तोच रॉड लगेच पेटला. एक सांगून ठेवतो, या क्लॅम्पला आपण अर्थिंग म्हणत असलो तरी प्लगचं अर्थिंग वेगळं; तेही हवंच.

जोडणी करताना मशीनच्या पाटीवरचा इनपुट करंट इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि त्या हिशोबाने वायर आणि एमसीबी बसवून घ्या. एक्स्टेंशन वापरलंच तर वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

सरावाला 2.5 मिमीचा 6013 नंबरचा रॉड आणि 5-6 मिमी जाडीची पट्टी घ्या, करंट 80 अँपिअरच्या आसपास ठेवा. चौकोनी पाइपवर पहिल्या दिवशी हात घालू नका. पातळ पत्र्याला भोकं पडतात आणि माणूस उगाच खचतो. रॉड काडेपेटीच्या काडीसारखा ओढून पेटवा. चिकटला तर मनगटाने झटका देऊन पिळा, नाही सुटला तर होल्डरमधून मोकळा करा.

आता खरी गोष्ट. नवीन माणूस लखलखाटाकडे बघतो, बघायचं असतं ते वितळलेल्या रसाकडे. तो रॉडच्या दुपटीएवढा रुंद झाला की पुढे सरका, रुंदी तीच राहील इतक्याच वेगाने. रॉड किंचित कलता ठेवून ओढत न्या. टोक आणि पट्टी यांत रॉडच्या जाडीएवढंच अंतर हवं. रॉड जळत जातो, तसा हात सतत खाली यायला हवा. मला हेच जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. अंतर बरोबर असेल तर कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो. वाढलं की फुसफुसतो आणि शिंतोडे उडतात.

वेल्डिंग मास्कची काच 10 किंवा 11 नंबरचीच हवी, साधा काळा गॉगल चालत नाही. डोळ्याला आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाचा लखलखाट, लागला तर तेव्हा कळत नाही, काही तासांनी वाळू गेल्यासारखे डोळे खुपतात. बघायला येणाऱ्या मुलांना आधी लांब करा. सुती कपडे आणि चामडी हातमोजे घाला. गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या धुराने ताप येतो, म्हणून जस्ताचा थर घासून काढा आणि काम उघड्यावर करा. तेलाच्या रिकाम्या डब्याला किंवा टाकीला कधीही रॉड लावू नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

थोडा हात बसला की दोन पट्ट्या टी आकारात एकाच बाजूने जोडा आणि हातोड्याने वाकवून तोडा. तुटलेल्या जागी काळे डाग दिसले तर आत स्लॅग, म्हणजे रॉडवरच्या लेपाचा जळून उरलेला मळ, अडकलाय. दोन्ही पट्ट्या सांध्याच्या मुळाशी घट्ट धरलेल्या दिसल्या, तरच घरातल्या स्टुलाला हात लावा.