तीन छोट्या नगरपालिकांना मिळून एकच कचरा प्रकल्प चालवता येईल का?

तुम्ही विचारलंय की गाव 40 हजार वस्तीचं, डेपो भरला, शेजारच्या दोन नगरपालिकांचीही तीच गत, आणि लोक कचरा वेगळा करत नाहीत. अशात एकत्र प्रकल्प जमेल का?

जमेल भाऊ. पण तिन्ही गावांचा सगळा कचरा एका जागी नेऊन ओतणार असाल, तर तीन लहान उकिरड्यांचा एक मोठा उकिरडा होईल, एवढंच. धुळे-जळगावच्या मधल्या एका नगरपालिकेत मी स्वच्छता निरीक्षक होतो, आता निवृत्त आहे. त्या नोकरीत जे कळलं ते सांगतो.

सुका कचरा एकत्र करा, ओला ज्याच्या त्याच्या गावात जिरवा. हिशेब साधा आहे. माणशी 300 ग्रॅम धरा, तुमचे रोजचे 12 टन होतात. त्यातला निम्म्याच्या आसपास ओला, आणि भाजीच्या देठा-सालींत बहुतेक पाणीच. ते 20 किलोमीटर न्यायचं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहायचं. शिवाय पोचेपर्यंत त्याला वास सुटतो, मग वाटेवरचं गाव गाडी अडवतं. त्यांचं तरी काय चुकतं?

सुक्याचं उलट आहे. गठ्ठे बांधायचं मशीन एका गावाच्या मालावर दोन तास चालतं आणि उरलेला दिवस धूळ खातं. तीन गावांचा माल आला की ट्रक भरतो, आणि ट्रकभर एकजात माल असला की भावाची बोलणी करता येतात. आपल्याकडे गिऱ्हाईकही लांब नाही, जळगावच्या एमआयडीसीतले चटईवाले जुन्या प्लास्टिकचा दाणा वापरतात. पण वरणभाताने बरबटलेल्या पिशवीला तिथे कोणी विचारत नाही. म्हणजे सगळं घराच्या ओट्यावर येऊन थांबतं.

तर ओट्याबद्दल. लोक वेगळा करत नाहीत, हे मी साहेबांना पंधरा वर्षं सांगत आलो. मग एका कॉलनीत बचत गटाच्या बायांना घेऊन सकाळी घंटागाडीच्या मागे चालायला लागलो. भाषण नाही, पत्रक नाही, फक्त बादलीत डोकावायचं आणि चुकलेलं दाखवायचं. तिसऱ्या आठवड्यात बहुतेक घरं दोन बादल्या देऊ लागली. आणि मग गाडीतली मधली पत्र्याची फळी तुटली. दुरुस्तीची फाईल कचेरीत अडकली, ड्रायव्हर दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात उलट्या करू लागला. एक आजी मला म्हणाल्या, "आम्ही येगयं करतस, तुम्ही एकच गाडीमा टाकतस. मंग कसाले करानं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फळी बसली, पण त्या कॉलनीला पुन्हा वळणावर आणायला चार महिने गेले. तेव्हापासून लोकांना दोष देण्याआधी मी गाडीत चढून बघतो.

ओल्याच्या खताला आपल्या हवेत एक अडचण येते. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की ढीग वरून वाळून कडक होतो आणि आतलं काम बंद पडतं. रोज पाणी मारा, वर पोती टाका. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. नुसता भाजीबाजारातला माल चिखल होऊन नासतो, त्यात कोरडं काहीतरी हवं. शेतकरी कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, बांधावर जाळून टाकतात, तीच मागून घ्या आणि बारीक करून मिसळा. केळीचे दांडे मात्र अख्खे टाकू नका, त्यांचे दोर फावड्यात गुंततात. आधी कुट्टी करा. आठवड्याला एकदा ढीग उलथला तर दीड-दोन महिन्यांत खत होतं, पावसाळ्यात छप्पर असेल तर. मंगल कार्यालयांचं ओझं अंगावर घेऊ नका. रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला आपला आपण जिरवावा, असं 2016 च्या घनकचरा नियमांतच आलं होतं. पाच लाख वस्तीखालच्या गावांनी सामायिक भरावभूमी, म्हणजे उरलेला कचरा पुरायची जागा, करण्याची वाटही त्याच नियमांत होती, तेव्हा "नियमात बसत नाही" हे कारण कोणी पुढे केलं तर ऐकू नका.

भांडणं होतात ती करारावरून. सुका कचरा निवडायची शेड कोणाच्या जागेत हा वाद लवकर मिटतो, खरा वाद पैशाचा. फाटकावर वजनकाटा ठेवा आणि ज्याचा त्याचा खर्च वजनावर लावा. निवडल्यावर उरलेला निरुपयोगी माल ज्याचा त्याने परत न्यायचा, असं एक कलम जरूर घाला. या एका कलमाने मुकादम घरोघरी लक्ष घालायला लागतात. ज्या गावच्या शिवारात शेड पडेल तिथल्या ग्रामपंचायतीला आधी भेटा, ठराव झाल्यावर नाही, आणि निवडणीची कामं तिथल्या बायांना द्या. तुमच्या गावात आज जे कचरा वेचतात त्यांनाही ओळखपत्र देऊन आत घ्या. कोणतं प्लास्टिक कुठे विकलं जातं हे त्यांना मशीनवाल्यापेक्षा जास्त कळतं. पुण्यात 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा उचलते, तिचं काम एकदा बघून या.

प्रस्ताव लिहिण्याआधी सलग सात दिवस तिन्ही गावांच्या गाड्या काट्यावर घाला, आठवडे बाजाराचा दिवस त्यात धरून. आमच्याकडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा आकडाच कागदावर नव्हता, आणि शेड पहिल्याच महिन्यात तुंबली.