शेततळ्यातल्या शेवाळापासून वीज: बल्ब नाही लागणार, पण सेल जरूर करा

तुमचा प्रश्न असा: उन्हाळ्यात शेततळं हिरवंगार होतं, त्या शेवाळापासून स्वस्तातला मायक्रोबियल फ्युएल सेल (जिवाणूंकडून वीज घेणारा सेल) करून गोठ्यातले दोन बल्ब लावता येतील का? बल्ब लागणार नाहीत. तरीही सेल करा असंच मी म्हणेन. फक्त आपण मोजतोय ती वीज नक्की कशाची, हे आधी समजून घ्या, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते.

घरी करता येण्यासारख्या सेलमध्ये वीज मुख्यतः तळाच्या काळ्या गाळातले जिवाणू देतात. जिओबॅक्टरसारखे जिवाणू कुजणारे सेंद्रिय पदार्थ खातात आणि ऑक्सिजन नसेल तिथे त्यातले इलेक्ट्रॉन गाळातल्या लोहखनिजांना देऊन टाकतात. त्या जागी ग्राफाइट ठेवलं तर ग्राफाइटला देतात. हा झाला ॲनोड. तिथून इलेक्ट्रॉन तारेने कॅथोडकडे, म्हणजे पाण्यातल्या दुसऱ्या ग्राफाइटकडे जातात आणि तिथे त्यांना घ्यायला ऑक्सिजन लागतो. शेवाळाचं काम इथे आहे. उन्हात ते कॅथोडभोवती ऑक्सिजन सोडत राहतं, म्हणून हवा फुंकणारा पंप लागत नाही. शिवाय वाळवलेल्या शेवाळाची पूड चिमूटभर गाळात मिसळली की जिवाणूंना खाद्यही मिळतं.

दोन बाजूंच्या मध्ये पडदा हवा. प्रयोगशाळेत त्यासाठी नॅफिऑन नावाचा खास प्लास्टिकचा पडदा वापरतात, ते आपल्याला परवडणारं नाही. पण आयआयटी खरगपूरच्या मकरंद घांगरेकर यांच्या गटाने भातगिरणीच्या सांडपाण्यावर साध्या मातीच्या मडक्याचा सेल चालवून दाखवला, त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. भाजलेल्या मातीतून आयन (विद्युतभार असलेले कण) झिरपतात आणि ऑक्सिजन मात्र फारसा आत येत नाही. संक्रांतीचं सुगड असतं तेवढं, रंग न दिलेलं बोळकं पुरेसं आहे.

बोळक्यात तळ्याचा काळा, वास मारणारा गाळ दाबून भरा, मध्ये ग्राफाइट फेल्टचा (ग्राफाइटच्या धाग्यांच्या नमद्यासारख्या कापडाचा) तुकडा पुरा, हा ॲनोड, आणि तोंड झाकून बंद करा. बोळकं हिरव्या पाण्याच्या पारदर्शक बरणीत, तोंड पाण्यावर राहील असं ठेवा आणि बाहेरून त्याला फेल्टचा दुसरा तुकडा गुंडाळा, हा कॅथोड. चुलीतला कोळसा वापरू नका, तो वीज नीट वाहून नेत नाही. बरणी उजेडात ठेवा, पण भर उन्हात पाणी तापेल अशी नको. जिवाणूंचा थर ग्राफाइटवर बसायला दोन-तीन आठवडे द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तांब्याची तार, जस्ताचा पत्रा, ॲल्युमिनियम यांपैकी काहीही गाळाला किंवा पाण्याला लागू देऊ नका. हे धातू गंजताना स्वतःच व्होल्टेज देतात आणि पाहणाऱ्याला वाटतं शेवाळाने वीज केली. पाण्यात जाईल तिथे ग्राफाइटच असू दे, तारेचा जोड पाण्याच्या वर घ्या आणि एपॉक्सीने बंद करा. सोबत अगदी तसाच दुसरा सेल उकळून थंड केलेला गाळ घालून करा. पहिल्या आठवड्यात दोन्ही सारखेच व्होल्टेज देत असतील तर ती वीज जिवाणूंची नाही. पुढे उकळलेल्या गाळातही जिवाणू शिरतात, त्यामुळे ही तुलना सुरुवातीचीच धरा. शेवाळाची परीक्षा वेगळी: दिवसा व्होल्टेज चढतं आणि रात्री, शेवाळ स्वतःच ऑक्सिजन वापरू लागलं की, उतरतं. हा चढउतार दिसला की ते काम करतंय असं समजा.

नुसता मल्टिमीटर लावून 0.4 व्होल्ट दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. दोन्ही तारांच्या मध्ये हजार ओहमचा रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा भाग) जोडा आणि मग मोजा. समजा व्होल्टेज 0.1 वर आलं, तर वीज झाली 10 मायक्रोवॅट. या हिशोबाने 9 वॅटच्या एका एलईडी बल्बला नऊ लाख बोळकी लागतील. एकाच तळ्यात बरेच सेल बुडवून ते एकापुढे एक जोडले तरी व्होल्टेज वाढत नाही, कारण पाणीच त्यांना आतून जोडून टाकतं. प्रत्येकाला वेगळी बरणी हवी. तसं केलं तरी एखाद्या कमजोर सेलचं व्होल्टेज उलट्या दिशेचं होतं आणि बाकीच्यांची मेहनत खातो.

मग उपयोग काय? जिथे अगदी थोडी वीज वर्षानुवर्षं लागते आणि बॅटरी बदलायला जाणं अवघड असतं, तिथे. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने तळाच्या गाळातल्या सेलवर हवामान मोजणारा बोया (पाण्यावर तरंगणारं यंत्र) चालवला, ते काम 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. केंब्रिज विद्यापीठाच्या गटाने सायनेकोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळावर एक छोटा मायक्रोप्रोसेसर सहा महिन्यांहून जास्त चालवला, ते 2022 मध्ये आलं. त्यात ॲनोड ॲल्युमिनियमचा होता आणि वीज शेवाळाची किती, धातूच्या गंजण्याची किती, हा प्रश्न संशोधकांनीच उघडपणे मांडला आहे. तुमच्या तळ्यासाठीही मी हेच सुचवेन: थेंबथेंब वीज सुपरकपॅसिटरमध्ये (वीज साठवून एकदम सोडणाऱ्या भागात) साठवायची आणि पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर अधूनमधून क्षणभर जागा करायचा. गोठ्यातल्या दिव्यांसाठी छोटं सोलर पॅनेल घ्या, ते स्वस्तही पडेल.

हिरव्या पाण्याला उघडा हात लावू नका. तळ्यावर रंग सांडल्यासारखी साय आली असेल तर ते मायक्रोसिस्टिस हे विषारी निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्याचं विष यकृतावर जातं आणि उकळूनही नष्ट होत नाही. ते पाणी गुरांना पाजू नका आणि त्याचं शेवाळ वाळवून पूडही करू नका.