स्टेनलेस ट्यूबचा फ्लेअर चिरतो आणि गळतो, तेव्हा

पाव इंची ३०४ स्टेनलेस ट्यूब एसीच्या कामातल्या फ्लेअरिंग टूलने फ्लेअर केली (म्हणजे तिचं तोंड कर्ण्यासारखं फाकवलं), बऱ्याच वेळा कड चिरली, आणि जी टिकली ती हायड्रॉलिकच्या जेआयसी फिटिंगवर (शंकूवर फ्लेअर दाबून सील होणारा जोड) गळतेय, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे दोष आहेत.

गळती कोनामुळे आहे. एसीच्या तांब्याच्या लाईनचा फ्लेअर ४५ अंशांचा, जेआयसीचा शंकू ३७ अंशांचा. पाव इंचीत दोन्हीचे आटे ७/१६-२० च (७/१६ इंच व्यास, इंचाला २० आटे) असतात, म्हणून नट बिनतक्रार चढतो आणि चूक लक्षात येत नाही. फ्लेअर मात्र शंकूवर सगळीकडे न टेकता बारीक रेषेवर टेकतो. कितीही आवळा, गळणारच. टेफ्लॉन टेपही काढून टाका. इथे आटे सील करत नाहीत, शंकू करतो.

चिरण्याचं मूळ ट्यूबमध्ये आणि कापण्यात आहे. रेलिंगचा पाइप चालणार नाही: तो कडक असतो आणि आत वेल्डची रेघ असते. पूर्ण अनील केलेली (तापवून मऊ केलेली) सीमलेस, म्हणजे बिनजोड, ट्यूबच घ्या. पाव इंचीला ०.०३५ इंच जाडी सोयीची. स्टेनलेस जितकं दाबाल तितकं कडक होतं. बोथट चाकाच्या कटरने जोर लावून कापलं की नेमकी कड कडक होते, आणि फ्लेअरमध्ये सर्वात जास्त ताणली जाते तीच. स्टेनलेससाठीचं धारदार चाक वापरा आणि दर फेरीला थोडंच आवळा, नाहीतर करवतीच्या इंचाला ३२ दातांच्या पात्याने कापा. मग कानशीने तोंड काटकोनात आणा, आतली-बाहेरची बर (कापताना कडेला राहिलेले धातूचे टोकदार कंगोरे) काढा, कीस पुसा. बरचा एक दात राहिला तरी चीर तिथूनच सुरू होते.

बेंड आधी मारा. वाकाच्या अगदी जवळ फ्लेअर नीट धरता येत नाही. नट आणि स्लीव्ह (फ्लेअरला मागून आधार देणारी कडी) ट्यूबवर आधीच ओवून ठेवा. टूल स्टेनलेससाठीचं, ३७ अंशांचंच हवं. तांब्यासाठीच्या टूलच्या पकडपट्टीत ही ट्यूब सरकते. टूलच्या शंकूला तेल लावा, एका दमात, सावकाश दाबा. एकदा झालेला फ्लेअर पुन्हा दाबून दुरुस्त करू नका, कापून नवा करा. फ्लेअरची कड स्लीव्हच्या भोकाबाहेर स्पष्ट दिसली पाहिजे, पण स्लीव्हच्या बाहेरच्या व्यासापलीकडे जाता कामा नये. आतली बाजू उजेडात फिरवून बघा: केसाएवढी रेघ दिसली तरी तो फ्लेअर बाद.

स्टेनलेसचे आटे एकमेकांना धरतात, म्हणून निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. नट हाताने बसेपर्यंत फिरवा, मग फिटिंग दुसऱ्या पान्ह्याने धरून पाव इंचीला नटाच्या सहा पैलूंपैकी दोन पैलूंइतका, तीन सुतीला (३/८ इंची) दीड पैलूइतका आवळा. गळलं तर आधी प्रेशर शून्यावर आणा, मगच पान्हा लावा. गळती पुठ्ठा धरून शोधा, हाताने कधीच नाही; बारीक धारेचं तेल कातडीत घुसतं.