गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पुराच्या पाण्यात आमच्या दोन दुभत्या म्हशी दगावल्या. सरकारी मदत मिळते का आणि किती?

होय, मिळते, केंद्रीय गृह मंत्रालयाने 2022-23 ते 2025-26 या काळासाठी ठरवलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीमागे 37,500 रुपये दिले जातात, आणि एका कुटुंबाला अशा जास्तीत जास्त तीन जनावरांपर्यंतच ही मदत मिळत असल्याने तुमच्या दोन्ही म्हशी तिच्यात बसतात. याच निकषांत बैलासाठी 32,000, वासरासाठी 20,000 आणि शेळीसाठी 4,000 रुपये आहेत. घराला जोडून असलेल्या गोठ्याचे नुकसान झाले असल्यास 3,000 रुपये वेगळे मिळतात, त्यामुळे तेही मदतीच्या अर्जात नमूद करावे. चांगल्या म्हशीची बाजारातली किंमत पाहता ही रक्कम अपुरी आहे, हे मान्यच करावे लागेल. तरी हक्काचे पैसे सोडू नयेत. मामलेदार कार्यालयाला तत्काळ कळवावे आणि पंचनामा व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची तपासणी होईपर्यंत शक्यतो जनावर पुरू नये. पुरणे भागच असेल, तर आधी कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक स्पष्ट वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे, कारण जनावर तुमचेच होते याचा तो भक्कम पुरावा ठरतो. मात्र मृत्यू अधिसूचित (सरकारने अधिकृतपणे जाहीर केलेल्या) आपत्तीमुळेच झाला, असे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करणे आवश्यक आहे, आणि त्याच नुकसानीसाठी दुसऱ्या सरकारी योजनेतून भरपाई मिळणार असेल, तर या निधीतून मदत मिळत नाही.